भिंतीवरचा पट्टा

लॅच उघडून मी आत आले तर हे हॉलच्या मधोमध उभे. एक हात पुढे केलेला, बोटं जराशी पसरलेली, बस थांबवायला माणूस करतो ना, तसा. मी म्हटलं, "अहो, काय चाललंय?" तर हात चटकन खाली घेतला. "आलीस? काही नाही, असाच उभा होतो." असाच म्हणे! स्वतःच्या घरात, चहूबाजूंनी मोकळी जागा सोडून, बरोब्बर मध्यावर कोणी असाच उभा राहतो होय? मी पिशवी ठेवली, जवळ गेले आणि मला त्यांच्या पँटचा ओला भाग दिसला. मग खालची ती नवी गुळगुळीत, दुधासारखी फरशी दिसली, आणि तिच्यावरचं ते थारोळं. मी बोलभांड बाई. लाँड्रीत सगळ्याजणी मला रेडिओ म्हणतात, मी आले की यंत्रांचा आवाज ऐकू येत नाही म्हणतात. पण तेव्हा "कधीपासून उभे आहात?" एवढंच कसंबसं विचारलं. "आत्ताच गं," हे म्हणाले. घोटे सुजून टम्म झाले होते. मी त्यांना बाथरूममध्ये नेलं, खुर्चीवर बसवून पँट बदलली. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते एक पाय उचलत होते, आणि अगदी साध्या आवाजात, बाजारातून काही आणायचं राहिलं असं सांगावं तसं, म्हणाले, "संडासाचं दार कुठे गेलं तेच कळेना." मग थोड्या वेळानं, "लेकीला सांगू नकोस हं. आज ती आनंदात असेल." कारण त्याच संध्याकाळी सात वाजता आमचं घर टीव्हीवर दिसणार होतं.

फरशी पुसायला मला दोन मिनिटं लागली. छान फरशी आहे, डाग धरत नाही. हे मी अगदी खात्रीनं सांगू शकते, कारण डाग हाच माझा धंदा. सव्वीस वर्षं मी एका मोठ्या लाँड्रीत डाग विभागात काम करते. हॉटेलांच्या चादरी, टेबलांवरचे रुमाल, इस्पितळांचे कपडे, सगळं आमच्या टेबलावर येतं. रक्त असेल तर थंड पाणी, तेल असेल तर गरम, शाई असेल तर तिला घाई करायची नाही, गंजाला वेगळं औषध. माझ्यासमोर पांढरं कापड अंथरलं की नजर आपोआप डागावर जाते, उरलेलं कापड मला दिसतच नाही. खोड लागलीय मेली. लग्नात नवरीचा शालू बघायला गेले तरी मला काठावरचा सरबताचा शिंतोडा आधी दिसतो. पूर्वी हे हसायचे. म्हणायचे, "तुझ्यापुढे माणसानं यायचं म्हणजे आधी उकळून घ्यायला हवं." तेव्हा त्यांना दिसत होतं. तेव्हा त्यांचं दुकान होतं, घड्याळं दुरुस्त करायचं, एका माणसाला जेमतेम बसता येईल एवढं. डोळ्याला ते भिंग अडकवून ते दिवसभर केसाएवढ्या स्प्रिंगांशी बोलत बसायचे. मग कडेकडेनं दिसेनासं व्हायला लागलं. डॉक्टर म्हणाले काचबिंदू, उशीर केलात. उशीर कसा केला ते आम्हालाच माहीत. वर्षभर ते कोणाला बोललेच नव्हते, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. नऊ वर्षांपूर्वी उरलासुरला उजेडही गेला आणि दुकानाला कुलूप लागलं.

घर मात्र त्यांनी महिन्याभरात पाठ करून टाकलं. मी कामावर जाणार, लेक लग्न होऊन गेलेली, दिवसभर एकटा माणूस, माझा जीव टांगणीला. तर एके दिवशी मी जिना चढून वर आले आणि घंटेवर बोट ठेवायच्या आत दार उघडलं. समोर हे, हातात चहाचा कप. "चौथ्या पायरीवर थांबून दम खातेस तू," म्हणाले, "तेवढ्यात मी गाळून घेतला." त्यांची युक्ती नंतर कळली. घरातली सगळी भिंतीवरची घड्याळं त्यांनी वाटून टाकली होती. स्वयंपाकघरात ते लगबगीचं छोटं, टिकटिक टिकटिक करणारं. हॉलमध्ये मोठं, संथ. बाथरूमच्या बाहेर ते जुनं लंगडं, दोन टिक आणि मग एक उचकी. झोपायच्या खोलीत एक अगदी हळू आवाजाचं, त्यांच्या वडिलांचं. पाचवं बाहेरच्या दाराशी. सकाळी उठलं की पाचही घड्याळांना चावी द्यायची, पिचकारीनं तेलाचा थेंब सोडायचा, आणि मग दिवसभर कान लावून कुठेही जायचं. आणि हात भिंतीला. बाहेरच्या दारापासून थेट बाथरूमपर्यंत आमची एक लांबच लांब भिंत होती. हॉल एका बाजूला, खोल्या दुसऱ्या बाजूला. सतरा पावलं. हात तिच्यावर हलकाच टेकवून हे चालायचे, माणूस ओळखीच्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून चालतो तसे. कधी आपटले नाहीत, कधी काही सांडलं नाही. पाहुणे आले तर पहिला अर्धा तास त्यांना कळायचंही नाही की या माणसाला दिसत नाही. आणि त्याचा यांना काय अभिमान! मला कौतुक वाटायचं, वाटायचं हो. पण त्या भिंतीवर पट्टा पडला होता.

कमरेच्या जरा वर, वीतभर रुंद, सतराच्या सतरा पावलं लांब. घड्याळाचं तेल, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा तेल. आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळा कुळकुळीत. मी साबणानं घासला, सोड्यानं घासला, कामावरचं औषध बाटलीत भरून चोरून आणलं. दोनदा रंग लावून घेतला. दोन महिन्यांत पट्टा पुन्हा हजर. आणि मी यांना त्याबद्दल एक चकार शब्द बोलले नाही. काय बोलणार? भिंतीला हात लावू नका म्हणू? रंगवाला आला तेव्हाही म्हटलं, ओल आलीय. नऊ वर्षं मी तो पट्टा एकटीनं पाहिला. सकाळी उठल्यावर पहिला तोच दिसायचा. यांच्या डोळ्यांना रडून झालं होतं माझं, त्यांचा हात धरून रस्ता ओलांडायचीही सवय झाली होती, पण त्या पट्ट्याची सवय काही झाली नाही. मग एक दिवस विहीणबाई आल्या. लेकीची सासू. बाई वाईट नाहीत, पण टापटिपीच्या. चप्पल काढताना तोल सांभाळायला त्यांनी भिंतीला हात टेकला, काढला, तळहात पाहिला, आणि पर्समधून रुमाल काढून पुसला. बोलल्या काहीच नाहीत. चांगल्या हसून म्हणाल्या, "चहा यांनी केलाय? कमाल आहे बाई!" पण तो रुमाल त्यांनी पर्समध्ये परत ठेवला नाही, मुठीत धरून ठेवला, जाईपर्यंत. मला ती मूठच दिसत होती. त्या रात्री लेकीचा फोन आला, "आई, ते घर बदलून देतात तो कार्यक्रम बघतेस ना? फॉर्म भर की. आपलं घर किती कळकट झालंय गं." कळकट. मी दुसऱ्याच दिवशी फॉर्म भरला. त्यात एक प्रश्न होता, घरातली कुठली गोष्ट जपावी असं वाटतं? मी लिहिलं, काही नाही. आणि पुढचा, कुठली गोष्ट सर्वांत नकोशी वाटते? तिथे दोनच ओळींची जागा होती, मला ती पुरली नाही.

ते लोक आले तेव्हा मला वाटलं होतं, हे ओरडतील. पण हे खूश. माझ्यासाठीच खूश होते, आता कळतं. "तुझी हौस होऊ दे," म्हणाले. निवेदिका पोरगी गोड होती, सारखी यांचा हात हातात घेऊन बोलायची. डिझायनर म्हणजे कानात बाळी घातलेला एक उंच माणूस, त्यानं घरभर फिरून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन कळवळून म्हणाला, "मावशी, काकांना किती अडचण होत असेल इथे. भिंती, कोपरे, किती आपटायच्या जागा! आपण सगळं मोकळं करून टाकू." मनापासून म्हणाला हो तो. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. आणि मलाही वाटलं, खरंच की! मी, नऊ वर्षं यांना भिंत धरून चालताना पाहिलेली बाई, मला वाटलं, मोकळं बरं. मग त्यांनी मला भिंतीपाशी उभं केलं, तोंडावर दिवा सोडला. हे तेव्हा खाली गाडीत बसलेले. निवेदिका म्हणाली, "फॉर्ममध्ये लिहिलंय ना, तेच बोला, अगदी मनातलं." आणि मी बोलले. रेडिओच मी, सुरू झाल्यावर थांबते कुठली! हसत हसत बोलले. सगळे हसले. कॅमेरावालाही हसला.

सहा दिवस आम्हाला हॉटेलात ठेवलं. तिथल्या चादरी मी पाहिल्याबरोबर ओळखल्या, आमच्याच टेबलावरून गेलेल्या. हे सहा दिवस पलंगाच्या कडेवर बसून होते. बाथरूमला जायचं तर मला हाक. "घरी गेलं की बरं," रोज एकदा म्हणायचे. सातव्या दिवशी दारात उभं केलं आणि आमच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. माझ्या बांधल्या ते ठीक, त्या पोरीनं सवयीनं यांच्याही बांधल्या, मग जीभ चावली. हे केवढ्यानं हसले! "बांधा, बांधा, राहू द्या." दार उघडलं, पट्ट्या सोडल्या, आणि मी पाहिलं तर भिंत नव्हती. पार बाथरूमपर्यंत लख्ख. बाथरूमच्या बाजूला चार पावलांचा तेवढा तुकडा ठेवला होता, त्यात नळ होते म्हणून. बाकी सगळं पांढरं, रिकामं, भलंमोठं. आणि समोरच्या भिंतीवर यांची पाचही घड्याळं ओळीनं टांगलेली, शोभेला. पाचही बंद. पाचांतही दहा वाजून दहा मिनिटं, जाहिरातीत असतात तशी. कॅमेरा यांच्या तोंडापाशी, हे नुसते उभे. मान जराशी तिरकी करून कान देत होते. मला कळलं ते काय शोधताहेत. आणि मी काय केलं? मी त्यांचं कोपर दाबलं. बोला म्हणून. तर हे चेहरा वर करून म्हणाले, "वा! केवढा उजेड!" निवेदिका रडली. डिझायनर रडला. मीही रडले, आणि सगळ्यांना वाटलं आनंदानं.

कागदावर सही होती, कार्यक्रम दाखवेपर्यंत घरातली एक वस्तू हलवायची नाही, पुन्हा शूटिंग करावं लागलं तर. म्हणून दोन महिने आम्ही त्या चित्रात राहिलो. मी सकाळी यांना खुर्चीत बसवून जायची, पाण्याची बाटली उजव्या हाताला, डबा डाव्या हाताला. संध्याकाळी आल्यावर घंटा वाजवत नव्हते, लॅचची किल्ली घेऊन जायला लागले. चहा मी करायची. "आता मजा आहे," हे म्हणायचे, "आयता मिळतो." मी रोज मनात दिवस मोजत होते, एकदा तो कार्यक्रम होऊ दे, दुसऱ्या दिवशी घड्याळं जागच्या जागी लावीन, या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेच्या उंचीवर दोरी ताणीन, कोणाच्या बापाला भीत नाही. आणि त्याच वेळी देवाला म्हणत होते, तो कार्यक्रम होऊच नये. निदान माझं बोलणं कापलेलं असावं. कितीतरी तास चित्रण केलं होतं त्यांनी, तासाभरात सगळं थोडंच दाखवणार? यांना त्या पट्ट्याचा पत्ताच नव्हता. तो पडायला लागला तेव्हा यांचे डोळे गेलेले होते. तो फक्त माझा होता, आणि मी तो जगाच्या ओटीत टाकला होता.

सातला लेक आली, केक घेऊन. हे नव्या सोफ्यावर, लेक त्यांना चिकटून. सोफा इतका खोल की एकदा बसलं की यांना उठता येत नाही. ते सकाळपासून उभे होते हे तिला कुठून कळणार? "बाबा, लागलं हं, सुरू झालं!" आधी जुनं घर दाखवलं, मुद्दाम काळपट करून, मागे रडकं संगीत. लेक सगळं वर्णन करून सांगत होती. मग माझा आवाज आला. टीव्हीवर माझा आवाज किती फाटका येतो! "हा बघा ना, हा पट्टा! यांच्या हाताचा, दुसरं काय. चालताना सगळी भिंत माखून ठेवतात. घासून घासून माझे हात गेले. कोणी आलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. बाकी काही नाही केलंत तरी चालेल, आधी ही घाण घालवा!" आणि हशा. आणि डिझायनरचा आवाज, "मावशी, पट्टाच काय, भिंतच घालवू!" टाळ्या. लेकही हसली, "आई, काय बोललीयेस तू!" आणि खाली मोबाईलवर मेसेज बघायला लागली. मी यांच्या हाताकडे पाहत होते. तो गुडघ्यावर पालथा होता. त्यांनी तो हळूच उलटा केला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तळवा चोळून पाहिला, बोटांची टोकं एकमेकांवर घासून पाहिली. मग परत पालथा ठेवला. पुढचं काही मी पाहिलं नाही. शेवटी त्यांचाच आवाज आला, "वा! केवढा उजेड!" तेव्हा लेकीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले, आणि हे हसले.

ती गेल्यावर मी बशा गोळा करत होते. वाटलं, बहुतेक लक्ष नव्हतं त्यांचं. तेवढ्यात म्हणाले, "काळा होता?" मी म्हटलं, "काय?" "पट्टा." "होता जरासा," मी म्हटलं. "किती वर्षं?" "अहो, सोडा ना आता." "किती वर्षं गं?" "आठ. नऊ." ते मान खाली घालून बसले. बिघडलेलं घड्याळ उघडलं की बसायचे तसे, दोष सापडेपर्यंत. "म्हणजे सगळे आलेगेलेले बघत होते," म्हणाले. "विहीणबाई आल्या होत्या तेव्हाही?" "कोणी बघत नाही हो तसलं," मी म्हटलं. "तू बघत होतीस ना," हे म्हणाले. त्यात राग असता तरी चाललं असतं. मी वाट पाहत होते. बशी फेकून मारली असती तर मी उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिली असती. पण ते काही तरी आठवल्यासारखे, हळूच, जवळजवळ माफी मागितल्यासारखे म्हणाले, "मला सांगायचंस गं. हात धुऊन फिरलो असतो." मी तिथेच खाली बसले. म्हटलं, "चुकलं माझं. अहो, चुकलं. उद्या सुट्टी आहे मला, उद्याच दोरी बांधते, घड्याळं लावते, सगळं होतं तसं करते." "कशाला?" हे म्हणाले. "छान झालंय. सगळे म्हणत होते."

सकाळी मी स्टुलावर चढले आणि लंगडं घड्याळ उतरवलं. त्याला चावी दिली. दोन टिक आणि उचकी, चालू झालं बिचारं. यांना मी बाथरूममध्ये बेसिनपाशी सोडून आले होते. आतून नळाचा आवाज येत होता, बराच वेळ. दात घासायला एवढा वेळ लागत नाही. मी हाक मारणार तेवढ्यात नळ बंद झाला आणि हे दारात आले. बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, बोटं ताठ. हात घासून लालबुंद झाले होते. "आहेस का गं?" म्हणाले. "इथे थोडी भिंत ठेवलीय ना त्यांनी?" मी म्हटलं, "हो. उजव्या हाताला. चार पावलं." "साबणानं दोनदा धुतलेत," हे म्हणाले. "पुसलेतही. लावू का?"

माझ्या हातात ते घड्याळ टिकटिकत होतं. मी म्हटलं, "लावा हो. लावा." त्यांनी हात पुढे केला, पण तळवा नाही लावला. मूठ मिटली आणि बोटांची मागची बाजू, नुसती पेरं, भिंतीला लागतील न लागतील अशी टेकवली, आणि चालायला लागले. एक पाऊल, दोन, तीन, चार. भिंत संपली. हात तसाच पुढे राहिला. ते थांबले आणि माझ्या दिशेनं मान वळवून म्हणाले, "बघ गं. डाग नाही ना पडला?"

मी पाहिलं. सव्वीस वर्षं मला कुठलाही डाग एका नजरेत दिसतो. मी त्या पांढऱ्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, पुन्हा पाहिलं. काहीच नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं," हे म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.